‘कॉन्स्टिट्यूशन’ : तिकिटावरची युद्धनौका आणि धक्क्यावरची

बॉस्टनच्या चार्ल्सटाउन भागातील जुन्या नौदल गोदीत उभी असलेली ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ ही लाकडी युद्धनौका विनामूल्य पाहता येते, तिच्या शेजारचे संग्रहालय ऐच्छिक देणगीवर चालते, आणि तिच्यावर अमेरिकी टपाल खात्याने १९४७ व २०१२ मध्ये काढलेली तिकिटे संग्राहकांच्या बाजारात अगदी किरकोळ किमतीला मिळतात. या तिन्हींचे परीक्षण एकत्र करण्याचे कारण असे की यांपैकी एकच गोष्ट पाहून जो परत येतो, त्याच्या हाती या नौकेचा इतिहास अर्धवटच लागतो. माझे मत आधीच नोंदवतो. नौका अवश्य पाहावी, संग्रहालयाला नौकेपेक्षा जास्त वेळ द्यावा, तिकीट घ्यायचेच असेल तर १९४७ चे घ्यावे, आणि हे सर्व करण्यापूर्वी १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ झालेल्या लढाईविषयी घरूनच वाचून जावे, कारण मराठी वाचकाशी ज्या प्रकरणाचा थेट संबंध पोहोचतो ते प्रकरण तिकिटांवर नाही आणि नौकेवरच्या थोडक्यात उरकणाऱ्या माहितीतही त्याला फारशी जागा मिळू शकत नाही.

तिकिटांपासून सुरुवात करतो. पहिले तिकीट २१ ऑक्टोबर १९४७ रोजी बॉस्टन येथे प्रसिद्ध झाले, कारण बरोबर दीडशे वर्षांपूर्वी त्याच तारखेला ही नौका पाण्यात उतरली होती. किंमत तीन सेंट, रंग निळसर हिरवा, आणि चित्र नौकाशिल्पज्ञाच्या रेखाटनावरून घेतलेले. त्या काळी साध्या पत्राला तीन सेंटच लागत असत, त्यामुळे हे तिकीट केवळ संग्राहकांसाठी काढलेले शोभेचे तिकीट नव्हते. तेरा कोटींच्या आसपास प्रती छापल्या गेल्या आणि लोकांच्या घरगुती पत्रांवर त्या चिकटल्या. कोरलेल्या ठशावरून केलेल्या त्या छपाईत शाई कागदावर किंचित उठून येते, आणि भिंग धरून पाहिले तर एकाच रंगाच्या बारीक रेघांनी काम किती नेटके साधले आहे ते कळते. दुसरे तिकीट १८ ऑगस्ट २०१२ चे आहे. ते अमेरिका व ब्रिटन यांच्यातील १८१२ च्या युद्धाच्या द्विशताब्दीनिमित्त काढले गेले. त्यावरचे रंगीत चित्र मिशेल फेलिचे कोर्ने या इटालियन चित्रकाराने १८०३ च्या सुमारास काढलेले असून या नौकेचे ते सर्वांत जुने ज्ञात चित्र मानले जाते. हे चित्र देखणे आहे, पण निवड मात्र मला चमत्कारिक वाटते. ज्या युद्धाच्या स्मरणार्थ तिकीट काढले त्याच्या नऊ वर्षे आधीची नौका त्यावर आहे. त्या वेळी तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हर्क्युलिसची मूर्ती होती आणि ती १८०४ मध्ये ट्रिपोलीजवळ ‘प्रेसिडेंट’ या आपल्याच जहाजाशी झालेल्या टकरीत मोडून गेली. ज्या नौकेने १८१२ मध्ये ब्रिटिशांना नमवले तिचा चेहराच निराळा होता. सर्वांत जुने चित्र हा मान आणि युद्धाचे स्मरण हा हेतू, या दोहोंची गाठ टपाल खात्याने घाईने मारली असे वाटल्याशिवाय राहत नाही.

दोन्ही तिकिटांत आणखी एक उणीव समान आहे. शिडे उभारलेली, डौलदार, कुठेही ओरखडा नसलेली नौका त्यांवर दिसते. धक्क्यावर गेल्यावर समोर येते ती मात्र जागोजागी बदललेली, डागडुजी केलेली, परबाणांवर (शिडे बांधण्याच्या आडव्या काठ्यांवर) बहुधा शीड नसलेली नौका, आणि खरे सांगायचे तर तीच अधिक पाहण्यासारखी आहे.

नौकेपर्यंत पोहोचणे सोपे आहे. शहराच्या मध्यभागातून ‘फ्रीडम ट्रेल’ या नावाने आखलेली लाल पट्टी थेट गोदीपर्यंत येते, किंवा लाँग वॉर्फवरून बंदरातली फेरी बोट घेता येते. चालण्याची हौस नसणाऱ्यांनी आणि हवा बरी असल्यास सर्वांनीच बोटीने यावे, कारण डोलकाठ्यांची उंची पाण्यावरूनच नीट कळते. नौका अजूनही अमेरिकी नौदलाच्या सेवेत असलेली, म्हणजे रीतसर कमिशन असलेली युद्धनौका असल्यामुळे आत जाण्यापूर्वी सुरक्षा तपासणी होते आणि प्रौढांकडे छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र मागितले जाते. भारतातून गेलेल्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. भेटीच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. माहिती सांगणारे तरुण-तरुणी हे प्रत्यक्ष नौदलाचे खलाशी असतात आणि १८१२ च्या धर्तीचा गणवेश घालून ते उभे राहतात. त्यांच्या सांगण्यात पाठांतर असते, पण आळस नसतो. दोरखंडांविषयी किंवा तोफ भरण्याच्या क्रमाविषयी नेमका प्रश्न विचारला की पाठांतर बाजूला पडते आणि खरी माहिती बाहेर येते. प्रश्न विचारण्यात संकोच करू नये, एवढीच सूचना.

नौकेची जन्मकथा थोडक्यात अशी. भूमध्य समुद्रातील चाचेगिरीपासून व्यापारी जहाजांचे रक्षण करण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने मार्च १७९४ मध्ये सहा फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका, बांधण्याचा कायदा केला. आराखडा जोशुआ हम्फ्रीज यांचा, आणि त्यामागचा विचार साधा पण धाडसी होता : समोरच्या कोणत्याही फ्रिगेटपेक्षा वरचढ आणि त्याहून मोठ्या जहाजापासून पळून जाण्याइतके वेगवान जहाज बांधायचे. ‘कॉन्स्टिट्यूशन’ बॉस्टनमधील एडमंड हार्ट यांच्या बांधणी-आवारात तयार झाली. खर्च तीन लाख दोन हजार डॉलरांवर गेला. सांगाड्यासाठी अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावरील बेटांवरून ‘लाइव्ह ओक’ या जातीचे अतिशय घट्ट व जड लाकूड आणले गेले. हे लाकूड तोडणाऱ्यांच्या कुऱ्हाडी बोथट होत, माणसे हिवतापाने आजारी पडत, पण त्याच्या वाकड्या फांद्यांतून जहाजाच्या बरगड्यांचे नैसर्गिक बाक मिळत असल्याने पर्याय नव्हता. बाहेरून व आतून पांढऱ्या ओकच्या फळ्या आणि मध्ये या बरगड्या अगदी जवळजवळ बसवलेल्या, असा तीन थरांचा देह बनला आणि त्याची जाडी पाण्याच्या रेषेजवळ पावणेदोन फुटांच्या वर गेली. तांब्याचे खिळे आणि बोल्ट पुरवणारे पॉल रिव्हिअर हे तेच, ज्यांची अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील मध्यरात्रीची घोडदौड तिथल्या शाळकरी मुलांना पाठ असते. पाण्यात उतरवण्याचा सोहळा मात्र दोनदा फसला. सप्टेंबर १७९७ मध्ये पहिल्या खेपेला नौका सत्तावीस फूट सरकून थांबली आणि दुसऱ्या खेपेला आणखी एकतीस फूट. उताराच्या लाकडी मार्गाचा कल कमी पडत होता. तो दुरुस्त केल्यावर २१ ऑक्टोबरला ती पाण्यात गेली.

आत शिरल्यावर पहिला, उघडा मजला पाहून फार रेंगाळू नये; खाली तोफांच्या मजल्यावर जावे. येथे दोन्ही बाजूंना मिळून तीस लांब, चोवीस पौंडी, म्हणजे चोवीस पौंड वजनाचा गोळा फेकणाऱ्या, तोफांच्या जागा आहेत. आज दिसणाऱ्या तोफा १९२७ ते १९३१ च्या मोठ्या दुरुस्तीच्या काळात तयार केलेल्या प्रतिकृती आहेत, पण गाड्यांची ठेवण, मागे उसळणारी तोफ रोखणारा जाड दोर आणि ती पुन्हा पुढे खेचण्याच्या कप्प्या यांवरून एकेका तोफेमागे अनेक माणसांची आवश्यकता का होती हे लगेच उमगते. एका तोफखिडकीच्या चौकटीला हात लावून तिची खोली पाहावी. कोपरापर्यंतचा हात आत जाऊनही बाहेरची कड बोटांना लागेलच असे नाही, इतकी ती भिंत जाड आहे. त्याच ठिकाणी फळ्यांचे सांधे नीट न्याहाळले तर जुन्या-नव्या लाकडाचा फरक, सांध्यात ठासलेल्या तंतूंवर ओतलेल्या डांबराची काळी रेघ आणि रंगाखालून दिसणारी खिळ्यांची डोकी दिसतात. त्याहून खालचा मजला खलाशांच्या झोपण्याचा. साडेचारशेच्या आसपास माणसे या नौकेवर राहत आणि खांद्याला खांदा लागेल अशा टांगत्या झोळ्यांत ती पाळीपाळीने झोपत. उंच व्यक्तीला येथे मान वाकवूनच चालावे लागते, आणि मजल्यांमधल्या शिड्या उभ्या व अरुंद आहेत. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी आणि कडेवर मूल असलेल्यांनी वरच्या मजल्यावर समाधान मानावे हे उत्तम. तळाच्या कोठारात पर्यटकांना नेत नाहीत. मला त्याचेच वाईट वाटले, कारण या नौकेचे दीर्घायुष्य ज्यावर अवलंबून आहे ते सर्व तिथे, पठाणाजवळ, म्हणजे जहाजाच्या तळाच्या कण्याजवळ आहे. लाकडी जहाजाचा मध्यभाग पाण्याच्या दाबाने वर उचलला जातो आणि टोके खाली झुकतात; ते टाळण्यासाठी हम्फ्रीज यांनी तळापासून वर तिरपे जाणारे जाड वासे बसवले होते. मधल्या एका दुरुस्तीत ते काढून टाकण्यात आले आणि कणा बाकला. १९९० च्या दशकात मूळ आराखड्याप्रमाणे ते पुन्हा बसवले गेले, तेव्हाच १९९७ मध्ये ही नौका ११६ वर्षांनंतर प्रथमच स्वतःच्या शिडांवर चालू शकली.

फेरीत सर्वाधिक रंगवून सांगितली जाते ती १९ ऑगस्ट १८१२ ची लढाई, आणि ते स्वाभाविकही आहे. कॅप्टन आयझॅक हल यांच्या हाताखालच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ब्रिटिश फ्रिगेट ‘ग्वेरिएर’ला अर्ध्या-पाऊण तासात डोलकाठ्यांविना लोळत ठेवले, आणि ब्रिटिश गोळे बाजूवर आपटून पाण्यात पडताना पाहून कुणा खलाशाने ‘हिच्या बाजू लोखंडाच्या आहेत’ असे ओरडून सांगितले, त्यावरून ‘ओल्ड आयर्नसाइड्स’ हे नाव पडले, अशी ही कथा. कथा चांगली आहे, पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. ‘ग्वेरिएर’ ३८ तोफांच्या दर्जाचे जहाज होते आणि त्याच्या मुख्य तोफा अठरा पौंडी होत्या. समोर ४४ च्या दर्जाचे, प्रत्यक्षात पन्नासहून अधिक तोफा वाहणारे, चोवीस पौंडी गोळे फेकणारे आणि दीडपटीहून अधिक खलाशी असलेले जहाज होते. हल यांचे कौशल्य निर्विवाद आहे. त्याच्या महिनाभर आधी वारा पडलेला असताना, लहान होड्यांतून पुढे नांगर टाकत आणि त्यावर जहाज ओढत, त्यांनी ब्रिटिश जहाजांच्या तांड्याला दोन दिवसांहून अधिक काळ हुलकावणी दिली, ती मला या विजयापेक्षा मोठी कामगिरी वाटते. मात्र लोखंडी बाजूंची गोष्ट ऐकताना गोळ्याचे वजनही लक्षात ठेवावे.

आता ज्या लढाईसाठी मी हे सर्व लिहायला घेतले तिच्याकडे येतो. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या बाहिया, म्हणजे आजच्या साल्व्हादोर, बंदराबाहेर विल्यम बेनब्रिज यांच्या नेतृत्वाखालील ‘कॉन्स्टिट्यूशन’ची गाठ ‘जावा’ या ब्रिटिश फ्रिगेटशी पडली. ‘जावा’ मूळची फ्रेंच. मादागास्करजवळ १८११ मध्ये ब्रिटिशांनी ती पकडली होती. तिचे कॅप्टन हेन्री लॅम्बर्ट अनुभवी होते, परंतु खलाशी बरेचसे नवखे, आणि त्यांचा तोफांचा सराव नगण्य होता. लढाई दुपारी दोनच्या सुमारास सुरू झाली आणि तीन तासांहून अधिक चालली. सुरुवातीलाच ‘जावा’च्या एका गोळ्याने ‘कॉन्स्टिट्यूशन’चे सुकाणूचे चाक उडवले आणि बेनब्रिज दोनदा जखमी झाले, तरीही खालच्या मजल्यावरून दोरांनी सुकाणू हलवत त्यांनी जहाज वळवत ठेवले. ‘जावा’च्या डोलकाठ्या एकामागून एक कोसळल्या, लॅम्बर्ट डोलकाठीवरून झाडलेल्या गोळीने प्राणांतिक जखमी झाले, आणि त्यांच्यानंतर लेफ्टनंट हेन्री चॅड्स यांनी शरणागती पत्करली. जहाज ओढून नेण्याच्या स्थितीत नसल्याने बेनब्रिज यांनी त्याला आग लावली. मात्र त्याआधी ‘जावा’चे सुकाणूचे चाक काढून ते ‘कॉन्स्टिट्यूशन’वर बसवण्यात आले.

हे ‘जावा’ निघाले होते मुंबईला. त्याच्या पोटात मुंबईच्या गोदीत तेव्हा बांधल्या जात असलेल्या ७४ तोफांच्या एका मोठ्या जहाजासाठी आणि ब्रिग प्रकारच्या दोन छोट्या, दोन डोलकाठ्यांच्या जहाजांसाठी तांबे होते. ते मोठे जहाज म्हणजे मुंबईच्या वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्याने बांधलेले ‘कॉर्नवॉलिस’, जे १८१३ मध्ये पाण्यात उतरले आणि पुढे १८४२ मध्ये ज्याच्यावर चीनशी नानकिंगचा तह झाला. मुंबईत बांधावयाच्या ‘ट्रिंकोमली’ या फ्रिगेटचे आराखडेही ‘जावा’वरूनच पाठवले होते, ते तिच्याबरोबर नष्ट झाले आणि दुसरी प्रत धाडावी लागली. अखेर मलबारी सागवानातून जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली ती फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या पाण्यात उतरली, तेव्हा खडकीची लढाई व्हायला महिनाही उरला नव्हता. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. अमेरिकी नौकेने बुडवलेल्या कागदांतून उशिरा जन्मलेली मुंबईची नौका आणि ते कागद बुडवणारी नौका, या दोघीही दोनशे वर्षांनंतर पाहता येतात, हे मला तरी विलक्षण वाटते.

‘जावा’वरचे प्रवासी त्याहून लक्षात ठेवण्याजोगे आहेत. लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप हे मुंबईच्या सैन्याचे सरसेनापती म्हणून नेमणूक घेऊन आपल्या अधिकाऱ्यांसह निघाले होते. अमेरिकी लिखाणात त्यांचा उल्लेख ‘मुंबईचे गव्हर्नर’ असा अनेकदा येतो, परंतु त्या काळी गव्हर्नरपदावर सर इव्हान नेपियन होते. बेनब्रिज यांनी कैद्यांना पॅरोलवर, म्हणजे रीतसर बदली होईपर्यंत पुन्हा न लढण्याच्या वचनावर, बाहियात सोडून दिले. हिस्लॉप इंग्लंडला परतले, सरदारकी मिळवली आणि पुढे मद्रासचे सरसेनापती म्हणून हिंदुस्थानात आले. इतिहास वाचणाऱ्या मराठी माणसाला पुढचा भाग ठाऊक आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव करणारे ब्रिटिश सेनापती हेच हिस्लॉप, आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यात शिबंदीची कत्तल होऊन किल्लेदाराला फाशी दिली गेली तीही त्यांच्याच हुकमाखाली. धुळे जिल्ह्यातील त्या पडक्या किल्ल्याचा आणि बॉस्टनच्या या गोदीचा असा एका माणसातून दुवा जुळतो. बाहियात कैदी म्हणून सभ्यपणे वागवले गेलेले गृहस्थ पाच वर्षांनी थाळनेरला कसे वागले, हा प्रश्न त्या खालच्या मजल्यावर उभे असताना माझ्या मनात आला. नौकेवरच्या खलाशाकडून त्याच्या उत्तराची अपेक्षा करणे अर्थातच योग्य नव्हे.

फेब्रुवारी १८१५ मध्ये मदेराजवळ चार्ल्स स्टुअर्ट यांच्या हाताखाली ‘सायेन’ आणि ‘लेव्हंट’ ही दोन ब्रिटिश जहाजे एका रात्रीत पकडली गेली, तेव्हा युद्ध संपवणाऱ्या तहावर सह्या होऊन गेल्या होत्या, एवढाच त्या प्रकरणाचा उल्लेख पुरे. त्यानंतरचा या नौकेचा इतिहास मुख्यतः तिला मोडीत न काढण्याचा इतिहास आहे. १८३० मध्ये ती भंगारात निघणार अशी बातमी एका वर्तमानपत्रात आली, ती वाचून एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने त्वेषाने कविता लिहिली आणि लोकमत असे पेटले की नौदलाला दुरुस्तीचे पैसे काढावे लागले. १८३३ मध्ये चार्ल्सटाउनच्या नव्या सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून जहाजाचा तळ दुरुस्त करण्याच्या गोदीत, शिरणारे पहिले जहाज हेच. दुरुस्तीच्या ओघात नाळेवर विद्यमान राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांची मूर्ती बसवली गेली आणि ते बॉस्टनकरांना इतके झोंबले की १८३४ मधील एका वादळी रात्री सॅम्युएल ड्यूई नावाच्या व्यापारी जहाजाच्या कप्तानाने होडीतून जाऊन मूर्तीचे डोके करवतीने कापून नेले. १९२० च्या दशकात पुन्हा पैशांचा प्रश्न उभा राहिला तेव्हा शाळांतील मुलांनी पेनी, म्हणजे एका सेंटची नाणी, गोळा करून दीड लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमवली, आणि दुरुस्तीनंतर १९३१ ते १९३४ या काळात ओढबोटीच्या मागून नव्वद बंदरे हिंडताना ही नौका ४६ लाखांवर लोकांनी पाहिली. त्या काळातील अमेरिका आर्थिक मंदीत होती, हे लक्षात घेतले की हा आकडा अधिकच बोलका ठरतो.

अलीकडची मोठी दुरुस्ती २०१५ ते २०१७ या काळात त्याच सुक्या गोदीत झाली आणि पाण्याखालच्या भागावरचे दोन हजारांहून अधिक तांब्याचे पत्रे बदलले गेले. लागणारा पांढरा ओक इंडियाना राज्यात नौदलाने या नौकेसाठीच राखलेल्या वनातून येतो. मूळ १७९७ चे लाकूड आज दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासच उरले आहे, असा अंदाज सांगितला जातो, आणि काही पर्यटक तो ऐकून नाराज होतात. मला तो आक्षेप गैरलागू वाटतो. लाकडी जहाज पाण्यात ठेवायचे तर फळ्या बदलाव्याच लागतात, आणि बंदिस्त छपराखाली कोरडे ठेवलेले अस्सल लाकूड व समुद्रावर तरंगणारे चालते जहाज यांत निवड करायची झाल्यास मी दुसऱ्याच्या बाजूने मत देईन.

संग्रहालय १९७६ पासून याच गोदीच्या जुन्या पंपघराच्या इमारतीत आहे. ते नौदलाचे नसून स्वतंत्र संस्थेचे आहे, त्यामुळे त्याचा सूर नौकेवरच्या सुराहून निराळा लागतो. सेनापतींपेक्षा साध्या खलाशांना येथे अधिक जागा मिळते. मुलांना झोळीत पडून पाहता येते, डेक घासण्याच्या दगडाला हात लावता येतो, परबाणावर उभे राहून शीड गुंडाळण्याचा प्रयत्न करता येतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन जाणाऱ्यांनी आधी संग्रहालय पाहावे आणि मग नौका, म्हणजे नौकेवरचे दोर त्याला अनोळखी वाटत नाहीत. येथल्या ज्या गोष्टीने मला थांबवले ती डेव्हिड डेबायस या मुलाची. बॉस्टनचा हा आठ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा १८१४ च्या अखेरीस या नौकेवर भरती झाला, १८१५ ची लढाई त्याने पाहिली, आणि पुढे खलाशी म्हणून आयुष्य काढल्यावर १८३८ मध्ये मिसिसिपी राज्यात ‘पळून आलेला गुलाम’ या संशयावरून त्याला पकडण्यात आले. तो स्वतंत्र असून नौदलात होता हे सिद्ध करण्यासाठी तिथल्या एका वकिलाने नौदल खात्याला पत्र लिहिले, आणि त्या पत्रामुळेच त्याची हकीकत आज उपलब्ध आहे. विजयांच्या फलकांपेक्षा हा एक कोपरा संग्रहालयाची प्रतिष्ठा अधिक वाढवतो.

४ जुलैला ही नौका टगबोटींच्या साहाय्याने बंदरातून एक फेरी मारून येते आणि कॅसल बेटासमोर एकवीस तोफांची सलामी देते. ते दृश्य काठावरून सुंदर दिसते, मात्र त्या दिवशी गर्दी प्रचंड असते आणि नौकेच्या आत जाऊन शांतपणे काही पाहण्याचा विचार सोडून द्यावा. वसंतातली किंवा सप्टेंबरातली साधी कामकाजाची सकाळ सर्वांत सोयीची.

तिकीट विकत घेणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. १९४७ चे न वापरलेले तिकीट दुर्मिळ नाही; इतक्या मोठ्या संख्येने छापलेल्या तिकिटासाठी कुणी भारी किंमत सांगत असेल तर पुढे चालू लागावे. प्रथम दिवस आवरण, म्हणजे तिकीट प्रसिद्ध झाल्याच्या दिवसाचा शिक्का असलेले पाकीट, घ्यायचे असेल तर शिक्का बॉस्टनचा आणि तारीख २१ ऑक्टोबर १९४७ चीच आहे ना, हे स्वतः भिंगातून पाहून घ्यावे. मला एका विक्रेत्याने ‘पहिल्या दिवसाचे’ म्हणून पाठवलेल्या पाकिटावर नंतरच्या तारखेचा शिक्का निघाला आणि पैसे परत मिळवण्यासाठी बराच पत्रव्यवहार करावा लागला. २०१२ चे तिकीट ‘फॉरएव्हर’ प्रकारचे, म्हणजे पुढे दर वाढले तरी अमेरिकेतील साध्या पत्राला चालणारे आहे, पण त्याची पाठ चिकट असल्याने ते अल्बममध्ये जपणे कटकटीचे होते. घ्यायचेच असेल तर पूर्ण पत्रक घ्यावे. आणि ज्यांचे जाणे अमेरिकेऐवजी इंग्लंडला होणार आहे त्यांनी हार्टलपूलची ‘ट्रिंकोमली’ पाहावी. तिथे प्रवेशशुल्क आहे, शहर पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेवर नाही, पण पायाखाली सागवान असते आणि ते मुंबईत घडवलेले असते.